गळवाल्यांसाठी सरकारी मासे : अमेरिकेतली ट्राउटची हॅचरी



आपण बीज सोडतो ते जाळ्यात परत यावं म्हणून. अमेरिकेत मात्र सरकारी हॅचऱ्या मासे वाढवतात आणि नदी-तलावात सोडतात, ते सुट्टीला गळ घेऊन येणाऱ्या हौशी लोकांसाठी! ऐकून हसू येईल, पण काम बघण्यासारखं आहे.

तिथे १८७१ साली सरकारने मत्स्य आयोग नेमला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात मॅकक्लाउड नदीवर सॅमनची अंडी गोळा करायला सुरुवात झाली. नंतर याच नदीतल्या रेनबो ट्राउटची अंडीही लांब लांब गेली.

आता पद्धत बघा. पिकलेली मादी धरून पोटावरून हलका हात फिरवतात, गाबोळी कोरड्या भांड्यात पडते. त्यावर नराचं वीर्य पिळतात, मिसळतात, आणि मगच पाणी घालतात. आधी पाणी लागलं तर वीर्याचा जोर मिनिटभरात संपतो आणि अंड्याचं बारीक तोंडही मिटतं. मग अंडी वाहत्या थंड पाण्याच्या ट्रेमध्ये. पाणी १० अंश असेल तर पिल्लू बाहेर यायला साधारण महिना लागतो. मधे अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. त्याआधीचे काही दिवस अंडं फार नाजूक, धक्का लागला तरी मरतं. डोळे दिसले की तीच अंडी लांबच्या प्रवासाला पाठवतात. मेलेलं अंडं पांढरं पडतं, ते वेचून काढावंच लागतं, नाहीतर बुरशी शेजारच्यांनाही धरते.

पिल्लाच्या पोटाला अंड्यातल्या बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत खाद्य नाही. पोहत वर आलं की बारीक भुकटी, दिवसातून कितीतरी वेळा. पुढे वाहत्या पाण्याच्या लांबट सिमेंटच्या हौदात वाढवतात. गळाला लावण्याजोगा, म्हणजे दहाएक इंचाचा मासा व्हायला वर-दीड वर्ष जातं.

सोडायच्या आधी माशांना उपाशी ठेवतात, म्हणजे टँकरमधलं पाणी घाण होत नाही. ऑक्सिजन सोडलेला असतो, आणि टँकरचं व तलावाचं पाणी सारख्या तापमानावर आणूनच मासे सोडतात. यूटा राज्यात डोंगरातल्या तळ्यांवर तर विमानातून बारकी पिल्लं टाकतात. पूर्वी खेचरांवर डबे लादून न्यायचे.

खर्च? गळ टाकायला परवाना लागतो, त्याची फी. शिवाय १९५० च्या कायद्याने गळ, रॉड, रीळ यांच्यावरचा केंद्राचा कर राज्यांना मासेमारी सुधारायला मिळतो. जो मासा धरतो तोच भरतो. मला हे पटतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मोंटाना राज्यात डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीत मासे मोजले. जिथे हॅचरीचे मासे सोडणं थांबवलं, तिथे नदीतले जंगली ट्राउट वाढले. जिथे नव्याने सोडायला लागले, तिथे जंगली कमी झाले. हौदातला मासा गर्दीत, आयत्या खाद्यावर वाढलेला. तो नदीत घुसून जागेवरच्या माशांची घडी मोडतो, आणि स्वतःही फार टिकत नाही. गळवाल्यांची, दुकानदारांची बरीच ओरड झाली, तरी १९७४ मध्ये मोंटानाने जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं. तलावांत मात्र अजून सोडतात, कारण बऱ्याच तलावांत ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी नाही.

आपल्या जलाशयाचं गणित त्या तलावांसारखं. कटला, रोहू साठलेल्या पाण्यात विणत नाहीत, म्हणून बीज सोडावंच लागतं. पण जलाशयात बोटुकली शंभर मिलिमीटरच्या आसपास हवी, जिरे सोडले तर ते इतर माशांचं खाद्य होतं. तेव्हा बीजाची गाडी आली की एक पिशवी उघडून पट्टीने लांबी मोजा. बाकी पिशव्या न सोडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यात तरंगू द्या, मग थोडं थोडं जलाशयाचं पाणी आत घ्या. बोटुकल्या आपणहून बाहेर पोहून जातील.