पाहुण्यांच्या निमित्तानं

दिवाळीच्या सुट्टीत नांदूर मधमेश्वरला जाईन म्हणालीस ना? अगं, जाच. फक्त चापडगावच्या मनोऱ्यापाशी ऊन चढायच्या आत पोच आणि सूर्य पाठीशी घेऊन उभी राहा. नाहीतर सगळी बदकं नुसती काळी दिसतील. दुर्बीण कुणाची तरी माग. पुढे आवड टिकली तर 8×42ची घे.

एक आधीच सांगून ठेवते. तू पुस्तकातला चॉकलेटी डोक्याचा, पांढऱ्या मानेचा तलवार बदक शोधशील आणि तो कदाचित सापडणारच नाही. वीण आटोपली की नरांची नटवी पिसं झडतात. इथे येतात तेव्हा बरेच नर मादीसारखेच मातकट असतात. हिरमुसू नकोस. नावांच्या मागेही लागू नकोस. थापट्या बदकांचा एखादा थवा धर आणि अर्धा तास फक्त तोच बघ. पसरट चोच पाण्यात घालून, एकामागोमाग गोल फिरत ते पाणी कसे चाळतात ते बघताना वेळ कुठे जातो कळत नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ही जागा 2020 साली रामसर यादीत आली, महाराष्ट्रातली पहिली. तिचं कौतुक होतं ते या पाहुण्यांमुळे. पण यातलं कुणी इथे घरटं करत नाही गं. चक्रवाकाचं घर लडाख-तिबेटकडे, तलवार बदकाचं त्याहून कितीतरी उत्तरेला. इथे त्यांना खायला हवं आणि निवांतपणा हवा. घरटी करणारी आपली टिटवी, आपली सुगरण. त्यांच्याकडे बघायला फारसं कुणी येत नाही.

मीही बघत नव्हते. एका उन्हाळ्यात आमच्या गावच्या तळ्याकाठच्या खड्यांत टिटवीची चार अंडी दिसली. खड्यांच्याच रंगाची, टोकं आत करून मांडलेली. मी हरखून मैत्रिणींना बोलावलं, फोटो काढत बसले. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, तरी हलले नाही. संध्याकाळी परत गेले तर कावळे उठले आणि खड्यांत नुसती फुटकी टरफलं. ते अजून मनातून जात नाही. म्हणून सांगते, घरटं दिसलं की मागे फिर. फोटो नको, कुणाला जागाही सांगू नकोस.

त्यानंतर मी आमच्या तळ्यावर काम करणाऱ्यांत गेले. रविवारी सकाळी दोन तास. परवानगी काढून वेडी बाभूळ उपटतो. मुळासकट निघाली नाही तर पुन्हा फुटते, आणि हातमोज्यांतूनही काटा लागतोच. गावठी बाभळीला मात्र हात लावत नाही. पाण्यावर झुकलेली तिची फांदी सुगरणीला हवी असते. वाळलेलं खोडही पाडू देत नाही, पिंगळ्याला ढोली लागते. जलपर्णी काढतानाही आधी कमळपक्षी बसलाय का ते बघतो. नुसती झाडं लावून फोटो काढणाऱ्यांपेक्षा, काय ठेवायचं ते ज्यांना कळतं त्यांच्याबरोबर तू जा. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, तिथे अशी माणसं हमखास भेटतात.

आणि हो, दिवाणखान्यात टांगायला म्हणून सुगरणीचा खोपा तोडून आणू नकोस. वाऱ्यानं पडलेला एखादा मिळाला तर आत बोट घालून बघ, भिंतीला वाळलेल्या चिखलाचा गोळा लागेल. नरानंच तो विणताना थापलेला असतो. झाडावरचे तसेच राहू देत. गेल्या कोजागरीनंतर आमच्या बाभळीवरच्या एका जुन्या खोप्यात शुभ्रकंठी मुनियांची जोडी राहायला आली. चोचीत बारीक गवताच्या तुऱ्याचं टोक धरून नर आत शिरला, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.