वाढत्या वयात कातडीची निगा

आज एक साधी परीक्षा करून पाहू या. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी बाही वर सारून दंडाची आतली बाजू पाहावी. मग मनगटावरची कातडी पाहावी. दंडाची कातडी मऊ व एकसारख्या रंगाची दिसेल. मनगटाची मात्र राठ, सुरकुतलेली व डागाळलेली. दोन्हींचे वय एकच. मग फरक कशाने पडला? एकीने जन्मभर ऊन सोसले, दुसरी झाकलेली राहिली.

वयोमानाने कातडी पातळ व कोरडी होते, हे कोणालाच चुकलेले नाही. पण आपण ज्याला म्हातारपण म्हणतो, त्यातला बराचसा भाग उन्हाचा असतो. उन्हातले अतिनील किरण कातडीत खोल शिरून तिला ताठ ठेवणारे तंतू कमकुवत करतात. ढगाळ दिवशीही हे किरण पोहोचतात. सावळ्या रंगामुळे थोडे संरक्षण मिळते, पण ते पुरे पडत नाही. विडी-सिगारेटनेही सुरकुत्या लवकर पडतात.

शेत सोडून सावलीत बसणे आपल्याला परवडणारे नाही. मग काय करावे?

1) सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेतले ऊन शक्य तेवढे टाळावे. खुरपणी-कापणीला लवकर निघावे. लांब बाहीचा सुती सदरा व रुंद काठाची टोपी घालावी. नुसता टॉवेल डोक्याला गुंडाळला तर मान व कान उघडेच राहतात.

2) कडकडीत पाण्याने अंघोळ करू नये. कोमट पाणी घ्यावे आणि साबण काख, जांघ व पाय एवढ्यापुरता वापरावा. अंग टिपून, ते ओलसर असतानाच खोबरेल लावावे. तेल कातडीला पाणी देत नाही. असलेले पाणी धरून ठेवते.

3) टाचांना भेगा असतील तर रात्री पाय 10 ते 15 मिनिटे कोमट पाण्यात ठेवून पुसावेत. मग कोकमाचे तेल, म्हणजे आपले भिरंडेल, किंचित पातळ करून भेगांत भरावे आणि सुती मोजे घालावेत. मधुमेह असलेल्यांनी पाय पाण्यात बुडवून ठेवू नयेत. त्यांच्या पायांना चटका कळेलच असे नसते. त्यांनी तळपाय रोज पाहावेत.

4) काजू फोडताना हातमोजे घालावेत. टरफलातला चीक कातडी जाळतो.

आता एक इशारा. तोंड उजळ व तरुण दिसावे म्हणून कितीतरी भगिनी दुकानातून मलमाची ट्यूब आणतात. अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. पहिल्या काही दिवसांत चेहरा खुलतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या व लव येते. मलम बंद करताच आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली, तरी सुट्टी विक्री थांबलेली नाही. ज्या बऱ्याच दिवसांपासून लावत आहेत, त्यांनी डॉक्टरांना ट्यूब दाखवून सल्ल्यानेच ती सोडावी.

शेवटी, महिनाभर न भरणारी जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ आणि स्पर्श न कळणारा चट्टा, या तीन गोष्टी घरगुती उपायांवर ठेवू नयेत. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो.

आपण बैलाच्या खांद्याला तेल लावतो, मग स्वतःच्या कातडीलाच का विसरावे? उद्या शेतावर निघताना बाही खाली ओढू या आणि मुलांच्याही डोक्यावर टोपी घालू या. त्यांची कातडी अजून कोवळी आहे.