कुऱ्हाडीचा दांडा : सुतारकामाचा पहिला धडा

ऐन कामाच्या दिवशी कुऱ्हाडीचा दांडा मोडला तर काम अडून राहते. दांडा सैल असणे त्याहून घातक. घाव घालताना पाते निसटल्यास जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून शेतकरी बंधूंनी निदान दांडा घडविण्याइतके सुतारकाम अवश्य शिकून घ्यावे. वाकस, करवत, पटाशी व कानस एवढ्या हत्यारांवर हे काम होते.

१. लाकडाची निवड : बाभूळ अथवा धामण यांचे लाकूड चिवट असते. सरळ वाढलेला, बिनगाठीचा ओंडका घ्यावा व तो पाचर ठोकून उभा फोडावा. असे लाकूड आपल्या रेषांप्रमाणेच फुटते व रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. रेषा जेथे बाजूला निघून जातात, तेथेच दांडा मोडतो.

२. वाळविणे : ओले लाकूड वाळताना जाडीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे ओला दांडा घट्ट बसविला तरी पुढे सैल होतो. तो प्रथम जाडसर तासून सावलीत ठेवावा व दर आठवड्यास तोलावा. वजन घटण्याचे थांबले म्हणजे लाकूड वाळले असे समजावे.

३. धार : बोथट हत्यारास जोर अधिक लागतो व ते निसटून हातापायावर येते. पटाशीच्या धारेचा उतार २५ ते ३० अंशांचा ठेवावा. पथरीवर घासताना उतार पूर्ण टेकवावा आणि पाठ सपाट राखावी.

४. तासणे : दांडा ओंडक्यावर उभा धरावा, पाय दूर ठेवावेत व वाकसाचा घाव ओंडक्याकडेच जाऊ द्यावा. जास्त लाकूड काढावयाचे असल्यास आधी आडव्या खाचा पाडून मधला भाग उडवावा. दांडा लंबगोल असावा, म्हणजे पात्याची दिशा हातास कळते. शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडून जवसाचे तेल चोळावे.

५. बसविणे : दांड्याच्या टोकास करवतीने उभी चीर द्यावी. टोक नेढ्यात घालावे व पाते खाली लोंबते ठेवून दांड्याच्या दुसऱ्या टोकावर ठोकावे. पाते आपोआप वर चढते. नंतर चिरेत वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर मारावी.

सैल दांडा पाण्यात भिजविण्याची रीत सर्वत्र दिसते. त्याने लाकूड फुगते खरे. परंतु लोखंडी नेढ्यात दाबले जाऊन, वाळल्यावर पूर्वीपेक्षाही सैल होते. सैलपणावर उपाय पाण्याचा नव्हे, पाचरीचा आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सरळ रेषांची व तिरप्या रेषांची अशा दोन सारख्या जाडीच्या काठ्या शेतकऱ्यांसमोर मोडून दाखवाव्यात. रोज काम सुरू करण्यापूर्वी पाते हलवून पाहण्याची सवयही सर्वांस लावावी.