घटस्फोटानंतर मुलांच्या नावची ठेव: व्याज कोणाच्या उत्पन्नात धरतात?



आपल्या ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये पोटगी, मुलांचा ताबा, रेशनकार्ड वेगळं करणं या विषयांवर आपण बोलतो. एक विषय मात्र मागे राहतो, तो म्हणजे इन्कम टॅक्स. "आमचं उत्पन्न ते केवढं, आम्हाला कुठला टॅक्स?" असं म्हणून आपण तो सोडून देतो. पण कोर्टातून एकरकमी पैसे मिळाले आणि त्यातले काही मुलांच्या नावाने बँकेत ठेवले, की हा विषय दारात येऊन उभा राहतो. तेव्हा बँक व्याजातून पैसे कापते, आणि ते कोणाच्या नावावर कापले गेले हे आपल्याला माहीतच नसतं. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

१. आधी एक गैरसमज काढून टाकू

काही देशांत नवरा-बायको मिळून एकच रिटर्न भरू शकतात. तिथे घटस्फोट झाला की रिटर्न कोणत्या प्रकारात भरायचं आणि मूल कोणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं हे ठरवावं लागतं. भारतात तसं नाही. आपल्याकडे प्रत्येक माणसाचा पॅन वेगळा, उत्पन्न वेगळं, रिटर्न वेगळं. लग्न झालेली, घटस्फोटित, विधवा, परित्यक्ता, सगळ्यांना कराचा दर एकच. त्यामुळे "घटस्फोट झाला म्हणून जास्त टॅक्स लागेल" ही भीती नको.

याला एक अपवाद आपल्या शेजारीच आहे. गोव्यात जुना पोर्तुगीज नागरी कायदा ज्यांना लागू आहे, त्या नवरा-बायकोंचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं. आपल्या भागातल्या ज्या मुली गोव्यात दिल्या आहेत, त्यांनी घटस्फोटानंतर हे निम्मं-निम्मं धरणं बंद झालं आहे ना, हे रिटर्न भरून देणाऱ्याकडून बघून घ्यावं.

२. पोटगीचं काय?

पोटगी दोन तऱ्हेने मिळते. एक दर महिन्याला, दुसरी एकदाच मोठी रक्कम. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकात एका प्रकरणात या दोन्हींत फरक केला. दरमहा येणारी पोटगी हे उत्पन्न धरलं, आणि एकरकमी मिळालेली पोटगी हे उत्पन्न धरलं नाही. आजही हिशोब बहुधा याच धर्तीवर करतात.

पण लक्षात ठेवा, एकरकमी रकमेवर कर नाही, तरी ती बँकेत ठेवल्यावर जे व्याज येतं ते उत्पन्नच आहे. झाड करमुक्त, पण फळाचा हिशोब द्यावा लागतो.

३. मुलाच्या नावावरचं व्याज कोणाचं?

अठरा वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न कायदा आई किंवा बाप यांच्यापैकी एकाच्या उत्पन्नात मिळवतो. नियम असा:

– लग्न टिकून असेल, तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात.
– लग्न टिकून नसेल, तर त्या वर्षी जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्यात.

इथे निम्मं आईकडे, निम्मं बापाकडे अशी वाटणी नाही. मूल शाळेच्या दिवसांत आईकडे आणि सुट्टीत बापाकडे असलं, तरी व्याज एकाच्याच उत्पन्नात जातं. आणि एकदा ते एकाच्या उत्पन्नात धरलं गेलं, की पुढच्या वर्षांत आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. तसं करायचं तर आधी आयकर अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, आणि ज्याच्याकडे न्यायचं त्याचं म्हणणंही ऐकून घ्यावं लागतं. म्हणून पहिल्याच वर्षी हे नीट बसवणं महत्त्वाचं.

तीन गोष्टी यातून बाहेर आहेत. मुलाने स्वतः अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कलेने, कौशल्याने कमावलेला पैसा आई-बापात मिळवत नाहीत. कायद्यात सांगितलेलं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्नही मिळवत नाहीत. आणि मूल अठरा वर्षांचं झालं, की पुढचं उत्पन्न त्याचं स्वतःचं.

४. एक हिशोब करून बघू

समजा, आपल्या गटातल्या एका ताईंना तडजोडीत १० लाख रुपये मिळाले. त्यांनी ५ लाख स्वतःच्या नावावर आणि ५ लाख मुलीच्या नावावर, एकाच बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले. मुलगी त्यांच्याकडेच राहते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्यांचं उत्पन्न असं झालं:

काजू फॅक्टरीतली मजुरी – १,२०,००० रु.
दरमहा ४,००० रु. प्रमाणे पोटगी – ४८,००० रु.
स्वतःच्या ठेवीचं व्याज – ३५,००० रु.
मुलीच्या ठेवीचं व्याज – ३५,००० रु.
एकूण – २,३८,००० रु.

नव्या करपद्धतीत या वर्षासाठी ४ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे ताईंचा कर शून्य. (जुन्या करपद्धतीत ही मर्यादा अडीच लाख आहे. त्यात मुलाच्या व्याजावर दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळते. नव्या पद्धतीत ही सूट नाही.)

पण बँकेला ताईंचं एकूण उत्पन्न कुठे ठाऊक? बँक फक्त व्याज बघते. साठ वर्षांखालच्या ठेवीदाराचं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं, की बँक १० टक्के कापते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. दोन्ही ठेवी ताईंच्या पॅनवर असतील तर व्याज ७०,००० होतं आणि ७,००० रुपये कापले जातात. हे टाळायला वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत "माझा कर शून्य आहे, कापू नका" असा अर्ज द्यायचा. २०२५-२६ साठी तो १५-जी या नावाचा आहे. अर्ज द्यायचा राहिला आणि पैसे कापले गेले, तरी ते बुडत नाहीत. त्यासाठी मुदतीत रिटर्न भरून परतावा मागावा लागतो.

५. खरी अडचण: पॅन कोणाचा जोडलाय?

आता हाच हिशोब दुसऱ्या बाजूने बघा. मुलीचं खातं लग्न टिकून असताना उघडलेलं आहे आणि पालक म्हणून बापाचं नाव, बापाचा पॅन तिथे आहे. ताईंनी त्याच खात्यातून ठेव केली. मग मुलीचं ३५,००० व्याज बापाच्या पॅनवर दिसतं. त्याच्या इतर ठेवींचं व्याज धरून मर्यादा ओलांडली, तर मुलीच्या पैशातून कापलेला कर त्याच्या नावावर जमा होतो. परतावा मागायचा तर तो मागू शकतो, ताई थेट मागू शकत नाहीत. त्यातून पुन्हा भांडण, पुन्हा वकिलाकडे खेटे. शिवाय पालक म्हणून त्याचं नाव असल्यामुळे ठेव मोडायचा अधिकारही त्याच्या हातात राहू शकतो.

म्हणून घटस्फोटाचा आदेश हातात आला, की बँकेत जाऊन पुढची कामं करा:

– मुलाच्या प्रत्येक खात्यावर आणि ठेव पावतीवर पालक कोण, हे विचारा.
– आदेशाची प्रमाणित प्रत देऊन पालक म्हणून स्वतःचं नाव आणि स्वतःचा पॅन लावून घ्या.
– वारसदाराचं नाव बदला. जुनं नाव तसंच राहतं, ते आपोआप जात नाही.

"बापाची सही आणा" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना हीच अडचण आली होती. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की बाप मुलाची जबाबदारी घेत नसेल तर तो जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. हा निकाल हिंदू पालकत्व कायद्यावरचा आहे. पण ताब्याचा आणि पालकत्वाचा कोर्टाचा स्पष्ट आदेश कोणत्याही धर्माच्या बाईला उपयोगी पडतो.

६. पॅनबद्दल दोन शब्द

पॅनकार्डावर आपल्या वडिलांचं नाव असतं, नवऱ्याचं नाही. त्यामुळे घटस्फोटानंतर नवीन पॅन काढू नका, दोन पॅन ठेवणं चुकीचं आहे. आडनाव बदलायचं असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा, नंबर तोच राहतो. मुलाचा पॅन काढायचा असेल आणि आई एकटी पालक असेल, तर ५ डिसेंबर २०१८ पासून अर्जात फक्त आईचं नाव दिलं तरी चालतं.

७. मुलगी लहान असेल तर

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल, तर सुकन्या समृद्धी खात्याचा विचार करा. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. त्याचं व्याज करमुक्त आहे, म्हणून ते कोणाच्या उत्पन्नात धरायचं हा प्रश्नच येत नाही. मात्र पैसे लवकर काढता येत नाहीत. शिक्षणासाठी निम्मी रक्कम मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर मिळते. तेव्हा सगळे पैसे तिथे अडकवू नका. माहेरी आल्यावर आजोबांनी नातीचं खातं उघडलं असेल, तर ते आईच्या नावे करून घ्या. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर पालक म्हणून ते चालत नाहीत.

८. "रिटर्न भरलं तर लाडकी बहीण बंद होईल का?"

हा प्रश्न हमखास येतो. योजनेची अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि कुटुंबात कोणी आयकरदाता नको. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परताव्यासाठी रिटर्न भरलं आणि कर शून्य निघाला, तर तुम्ही कर भरलेला नाही. रिटर्नची पोहोच आणि कर शून्य दाखवणारा हिशोब जपून ठेवा, कोणी विचारलं तर दाखवता येईल. पण वरच्या उदाहरणातलं उत्पन्न अडीच लाखांच्या किती जवळ आहे तेही बघा. व्याज लपवू नका, आणि दुसऱ्याचं व्याज आपल्या नावावर येऊही देऊ नका.

९. सही करण्याआधी

सगळ्यात सोपी वेळ म्हणजे तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधीची. त्यात वकिलांना या गोष्टी स्वच्छ लिहायला सांगा: मूल कोणाकडे राहणार, खर्च कोण करणार, मुलाच्या ठेवींवर पालक म्हणून कोणाचं नाव असणार, आणि एकरकमी रकमेतले किती पैसे आईचे, किती मुलाचे. नुसतं "मुलांच्या भविष्यासाठी" असं लिहिलं, की पुढे अर्थ लावत बसावं लागतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर नंबर १५१००.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, म्हणून अर्ज देताना चालू फॉर्म कोणता ते बँकेत विचारा.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. प्रत्येकीने मुलांची पासबुकं आणि ठेव पावत्या आणाव्यात. पालक म्हणून कोणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचावं. हे फक्त घटस्फोटित ताईंनी नाही, सगळ्यांनी करावं.
२. बँक सखीने ज्यांचा पॅन खात्याला जोडलेला नाही त्यांची यादी करावी.
३. ज्यांची केस चालू आहे त्यांच्यासोबत सीआरपी ताईंनी नववा मुद्दा पुन्हा वाचावा. चारचौघींत बोलायला अवघड वाटत असेल तर घरी जाऊन वाचावा.