आपल्या दारची झाडे आपल्या वहीत



आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथे एका विधवा भगिनीच्या वावरातून रस्ता रुंद व्हावयाचा होता. मोजणीची मंडळी आली त्या दिवशी ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचावयास गेली होती. संध्याकाळी परतली तो धुऱ्यावरच्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढलेले. पुढे कागद आला, त्यात 14 सागवान लिहिले होते. ती म्हणे, नवऱ्याने लावलेले साग वीसच्या वर आहेत. नेमके किती, ते मात्र तिला सांगता येईना. साक्षीला तिने आम्हांस बोलावले. सहा वर्षे त्याच सागांच्या सावलीत बसून आम्ही तिच्या घरचा चहा घेतला होता. पण आम्हांसही आकडा सांगता आला नाही. तोवर झाडे तुटून गेलेली. बुंधे मोजावेत म्हटले तर तेही खणून काढलेले. जो आकडा कागदावर होता तोच खरा धरला गेला.

त्या दिवसापासून आम्ही एक वही ठेवू लागलो. तशी वही प्रत्येक घरी असावी, एवढेच ह्या महिन्याचे आमचे सांगणे आहे.

कोणी म्हणेल, आपल्या दारची झाडे काय लिहून ठेवावयाची, ती तर रोज डोळ्यांपुढे असतात. आम्हांसही तसेच वाटत असे. वही घेऊन बसण्याआधी आम्ही मनाशी अंदाज बांधला, आवारात पस्तीसेक झाडे असतील. फिरून मोजली तेव्हा 59 भरली, आणि झुडपे वेगळी. गोठ्यामागचे कवठ तर आम्ही विसरूनच गेलो होतो.

रोज पाहिलेले झाड गेले तरी लवकर ध्यानात येत नाही, आणि तशी झाडे आपल्याकडे पुष्कळ जात आहेत. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून भारतातील शेतांमधली झाडे मोजली. तो लेख 2024 च्या मे महिन्यात ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ ह्या नियतकालिकात आला. 2018 ते 2022 ह्या काळात देशातील शेतांतून 50 लाखांहून अधिक मोठी झाडे नाहीशी झाली, असे त्यांना आढळले. मोठे म्हणजे साधारण 67 चौरस मीटर पसाऱ्याचे, ज्याची सावली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 30 फूट पडते असे. नवी लागवड ह्या हिशेबात धरलेली नाही, ही गोष्ट खरी. परंतु सर्वांत जास्त ऱ्हास जेथे दिसला त्या भागांत तेलंगण आणि महाराष्ट्र ह्यांची नावे आहेत, म्हणजे पैनगंगेचे दोन्ही तीर आले. कारणही त्यांनी दिले आहे. शेताच्या मधले झाड पिकाला नडते असा समज वाढला आणि शेती करण्याची रीत बदलली. कापसाच्या तासात मोहाची सावली नको, हे आपण आपल्याच तोंडाने बोलतो. उपग्रहाला झाडाचा पसारा दिसतो. त्याचे नाव दिसत नाही, कोणी लावले ते कळत नाही, आणि धुऱ्यावरचे सीताफळाचे झुडूप तर त्याच्या हिशेबातच नाही. ते आपणच लिहिले पाहिजे.

आता वही कशी करावी ते पाहू. मुलांची दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर घराचा, गोठ्याचा, विहिरीचा व धुऱ्यांचा ओबडधोबड नकाशा काढावा. दारातून निघून उजव्या हाताने चालत जावे आणि फिरून दारात यावे, म्हणजे एकही झाड दोनदा येत नाही व सुटतही नाही. प्रत्येक झाडाला आकडा द्यावा. आकडा गेरूने किंवा रंगाने लिहावा, पत्रा ठोकू नये. खिळा आत राहतो, लाकूड बिघडते आणि पुढे कधी करवत लागली तर तिचे दात जातात. झुडपे एकेक मोजण्याच्या नादी लागू नये. ‘सीताफळ, अंदाजे 40, उगवतीचा धुरा, विहिरीपासून साठ पावले’ एवढे लिहिले की पुरे.

घेर मात्र जरूर घ्यावा. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे 1.37 मीटरवर, सुतळी गुंडाळावी व ती टेपवर धरून आकडा लिहावा. वनखातेही ह्याच उंचीवर माप घेते. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगले असेल तर दोन्ही खोडांचे माप वेगवेगळे लिहावे. घेराला 3.14 ने भागले की जाडी निघते. 157 सेंटिमीटर घेराचे झाड 50 सेंटिमीटर जाडीचे. हे माप दरवर्षी एकाच महिन्यात घ्यावे. आम्ही मे महिन्यात घेतो, वावरे रिकामी असतात आणि मुलांना सुट्टी असते.

नावाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या भागात अडचण नेमकी येथेच येते. आपण घरात मराठी बोलतो, शेजारी गोंडी किंवा कोलामी बोलतो आणि कचेरीत कागद तेलुगूत होतो. तेव्हा वहीत मराठी नावाशेजारी तेलुगू नावही लिहावे. मोह म्हणजे इप्प, कडूनिंब म्हणजे वेप, पळस म्हणजे मोदुगु, टेंभुर्णी म्हणजे तुनिकि. चिंचेला त्यांच्याकडे चिंत म्हणतात, तेथे चुकण्याची भीती नाही. खरा घोटाळा होतो तो बाभळीत. आपली बाभूळ म्हणजे नल्ल तुम्म, काळी तुम्म. आपला हिवर म्हणजे तेल्ल तुम्म, पांढरी तुम्म. आणि कोठेही माजणारी जी वेडी बाभूळ, तिला म्हणतात सर्कार तुम्म. कागदावर नुसते ‘तुम्म’ लिहिले गेले तर औताला लाकूड देणारी बाभूळ आणि उपटून टाकण्याजोगी वेडी बाभूळ एकाच भावात जातील.

आमच्या वहीतला सर्वांत उपयोगी रकाना मात्र वेगळाच ठरला. झाड कोणी लावले, केव्हा लावले आणि रोप किंवा कोय कोठून आणली, हे त्यात लिहिलेले असते. ही माहिती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर मातीत जाते. आमच्या माहितीतील दोन सख्खे भाऊ धुऱ्यावरच्या एका आंब्यासाठी आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. बाप जिवंत असता तर एका वाक्यात निकाल लागला असता. तेव्हा आजी-आजोबांना खाटेसकट अंगणात बसवावे, नातवाच्या हाती वही द्यावी आणि विचारावे. ती मंडळी जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. कोणता आंबा लोणच्याचा, कोणता रसाचा, कोणता मुळीच फळत नाही, हेही त्यात येऊ द्यावे. चांगल्या आंब्याचे कलम करून घ्यावयाचे तर झाड उभे आहे तोवरच.

दुसरा उपयोगी रकाना वयाचा. येथे आमचे डोळे उघडले. आवारातील मोहाची सातही झाडे म्हातारी निघाली, घेर सगळ्यांचा मोठा, आणि पोर एकही नाही. कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. फुले वेचणे सोपे जावे म्हणून दर उन्हाळ्यात आम्हीच झाडांखालचा पाला जाळीत होतो, त्यात रोपटी जळत होती. आणि ज्या टोळीतून नवे रोप उगवावयाचे ती टोळी तेलासाठी वेचली जात होती. आता पाला झाडून बाजूला करतो, जुनी लुगडी अंथरून फुले घेतो आणि दोन रोपट्यांना काट्याचे कुंपण केले आहे. आपल्याही वहीत एखाद्या जातीची नुसती म्हातारीच झाडे दिसली तर तेथे थांबून विचार करावा.

घरच्या ताटाचाही हिशेब ह्याच वहीतून निघतो. कोणते झाड कोणत्या महिन्यात काय देते ते एका पानावर लिहावे. फाल्गुन-चैत्रात चिंच, शेवग्याच्या शेंगा आणि मोहफूल, पुढे आंबा व जांभूळ, दिवाळीच्या आगेमागे सीताफळ, थंडीत बोर आणि आवळा. आम्ही लिहिले तेव्हा श्रावण-भाद्रपद कोरे राहिले, आणि मुलांचे आजारपण तर त्याच दिवसांत जास्त. म्हणून विहिरीच्या पाटाला पेरूची तीन रोपे लावली, कारण पेरूचा एक बहार पावसाळ्यातच येतो.

आता झुडपांविषयी, कारण त्यांत धोका आहे. ज्या झुडपाचे बी, पाला किंवा चीक विषारी, त्यापुढे वहीत तांबड्या शाईने फुली मारावी. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, बी हृदयाची गती बिघडवते. तांबडी व पांढरी कण्हेरही तशीच. कुंपणाच्या मोगली एरंडाचे बी मुलांना चवीला बरे लागते आणि मग उलट्या व जुलाब सुरू होतात. साध्या एरंडाचे बीही विषारीच. बेशरमचा पाला शेळ्यांना चटावतो व त्यांच्या मज्जातंतूंचा रोग होतो, तर घाणेरी खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते आणि ऊन लागले की कातडी सोलवटते. मुलाने असे काही खाल्ले तर घरगुती उपाय करण्यात वेळ दवडू नये, बोटे घालून उलटी काढू नये. त्या झुडपाची फांदी व बी फडक्यात बांधून बरोबर घ्यावे आणि तडक दवाखाना गाठावा. डॉक्टरांना नाव कळले तर पुढचे काम सोपे होते.

रोगाची तारीखही लिहीत जावी. 2021 साली तेलंगणभर कडूनिंबाचे शेंडे वाळले, ते आपणांस आठवत असेल. तो बुरशीचा रोग होता, त्यात कोवळी पालवी शोषणारी कीडही मिळाली, असे कृषी शास्त्रज्ञांनी सांगितले. झाडे मेली असे समजून पुष्कळांनी ती तोडली. ज्यांनी धीर धरला त्यांच्या कितीतरी निंबांना पुढच्या हंगामात नवी पालवी आली. अजून एक वर्ष राहू द्या, असे अंजिराच्या झाडासाठी धन्याला विनवणारा शुभवर्तमानातील माळी ह्या बाबतीत शहाणा म्हणावा लागेल. शेंडा केव्हा वाळला व पालवी केव्हा फुटली हे वहीत असेल, तर पुढच्या खेपेस कुऱ्हाड उचलण्याआधी पान उलटून पाहता येईल.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. ह्या तीरावर 2002 चा पाणी, जमीन व वृक्ष कायदा आहे, ज्याला सगळे ‘वाल्टा’ म्हणतात. पलीकडे महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. दोहोंकडे, झाड आपले असले तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते का ते विचारून घ्यावे, सागाच्या बाबतीत तर नक्कीच. महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून बांधावरच्या झाडांची नोंद करू शकतो. आपल्या नातेवाइकांना हे ठाऊक नसेल तर कळवावे. जमीन सरकारकामी जात असेल तर 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या 29 व्या कलमाप्रमाणे झाडांचे मोल वेगळे ठरवावयाचे असते, आणि त्यासाठी जाणकारांची मदत घेता येते. चनाका-कोरटा प्रकल्पासाठी आपल्या भीमपूर मंडळातच पिंपळकोटी येथे जलाशय योजला गेला, तेव्हा हा विषय आपणांस परका नाही.

आपली वही म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, हे ध्यानात असू द्यावे. ती आपली आपण केलेली टिपणी. परंतु दरवर्षी तारीख घालून लिहिलेली, शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या असलेली आणि प्रत्येक झाडाजवळ घरचे माणूस उभे करून फोटो घेतलेली वही पुढे ठेवली, की मोजणी करणारा निदान पुन्हा एकदा मोजतो. त्या भगिनीजवळ तेवढेही नव्हते.

येत्या तीन रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही व्हरांड्यात बसणार आहोत. ज्यांनी वही सुरू केली असेल त्यांनी ती आणावी. तेलुगू नावे लिहून देण्यास शाळेतील वरच्या वर्गातील मुले तयार आहेत. ज्या झाडाचे नाव कळत नसेल त्याची पानाफुलांसह डहाळी आणावी. नुसते एक पान आणू नये, त्यावरून आमच्याने ओळखवत नाही. कापडी टेप आमच्याजवळ एकच आहे, तो पाळीपाळीने न्यावा आणि त्याच आठवड्यात परत करावा.