खाडीतला शिंगाळा

मुलांनो, उर्दूत ‘दर्या’ म्हणजे नदी आणि मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. कोकणात हे दोन्ही दर्या जिथे भेटतात, त्या जागेला खाडी म्हणतात. करकंबच्या परिसरातील आपली भीमा पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. म्हणून आपल्याला खाडी पाहायला मिळत नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेला मात्र सावित्री नदी बाणकोटजवळ आणि वाशिष्ठी नदी दाभोळजवळ समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नदीत शिरते आणि ओहोटीला परत जाते. गोडे व खारे पाणी मिसळून तेथे निमखारे पाणी तयार होते. शिंगाळा हा मासा समुद्रात आणि अशा खाड्यांतही राहतो.

तुम्ही भीमेतील शिंगटा पाहिला असेल. शिंगाळा हा त्याचा दूरचा नातेवाईक. दोघांच्याही अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती लांब मिशा असतात. शिंगाळ्याला मिशांच्या बहुधा तीन जोड्या असतात. खाडीचे पाणी गढूळ असते, तेथे डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून तो मिशांनी चिखल चाचपतो आणि किडे, कोळंबी, लहान मासे शोधून खातो. त्याच्या पाठीवरील आणि दोन्ही बाजूंच्या परांत करवतीसारखे दाते असलेले विषारी काटे असतात. संकट आले की तो हे काटे ताठ उभे करतो. काटा हातात रुतला तर फार वेदना होतात.

खाडीतील पाण्याचा खारेपणा भरती-ओहोटीबरोबर बदलत राहतो. पाणी गोडे झाले, की ते माशाच्या शरीरात शिरू लागते. मग त्याची मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतात. पाणी खारे झाले, की शरीरातील पाणी कमी होऊ लागते. मग मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे ज्या माशांना जमत नाही, ते खाडीत टिकत नाहीत.

आता सर्वांत नवलाची गोष्ट ऐका. रोहूची मादी लाखो अंडी घालते आणि निघून जाते. शिंगाळ्याची मादी मात्र थोडीच अंडी घालते. पण एकेक अंडे वाटाण्यापेक्षा मोठे असते. ही अंडी चिखलात पडली तर गाडली जातील, प्रवाहात वाहून जातील किंवा दुसरे मासे ती खातील. म्हणून नर ती आपल्या तोंडात घेतो. पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत कित्येक आठवडे तो त्यांना तोंडातच जपतो. या काळात तो जवळजवळ उपाशी राहतो!

म्हणूनच असा एक नर जाळ्यात सापडला, की त्याच्याबरोबर सारी पिलेही जातात. १९८० च्या सुमारास कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन नावाच्या मोठ्या जाळ्यांत तोंडात अंडी असलेले शिंगाळ्याचे नर फार मोठ्या संख्येने पकडले गेले. पुढे तेथे शिंगाळा मिळणे खूपच कमी झाले. ज्याची अंडी थोडी, त्याची भरपाई लवकर होत नाही. मासे खाण्यात काही गैर नाही. पण विणीच्या काळात त्यांना सोडले, तरच पुढच्या वर्षी जाळ्यात मासा येईल.

शब्दार्थ
निमखारे – थोडे खारे
चाचपणे – स्पर्श करून शोधणे
कल्ले – माशाचा श्वास घेण्याचा अवयव
वीण – अंडी घालून पिले होणे

स्वाध्याय
१. खाडी म्हणजे काय?
२. शिंगाळ्याला मिशांचा काय उपयोग होतो?
३. नर अंडी तोंडात का ठेवतो?
४. ‘दर्या’सारखे उर्दू व मराठीत वेगळ्या अर्थाचे दोन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.