मंद नेट आणि मराठी पान: ब्राउझर कुठला घ्यावा?

परीक्षा जवळ आली की मंडळाच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "नेट स्लो आहे, कुठला ब्राउझर टाकू?" उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो क्रोम, दुसरी म्हणते ओपेरा मिनी, एखादा जुना सीनियर अजून यूसीचं नाव घेतो. का, ते कुणीच सांगत नाही. आपल्याकडे सत्तरी, सांगे, दोडामार्ग, खानापूर अशा ठिकाणांहून मुलं येतात. सुट्टीत घरी गेलं की मोबाइलला रेंजची एखादी काडी, तीही अंगणाच्या एका कोपऱ्यात. हॉस्टेलवर रेंज असते, पण रोजचा डेटा रात्रीपर्यंत संपतो आणि मग अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात संदर्भाचं पान उघडलं तर निबंध होतो, नाही तर दुसऱ्याच्या वहीतून उतरवावा लागतो. म्हणून हा विषय जरा हिशेबाने समजून घेऊ. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हिशेब नको असतो हे मला ठाऊक आहे, पण इथे फक्त आठने भागायचं आहे.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये सांगतात, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. ६४ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. आता मराठी मजकुराचं वजन बघा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट झाले. 'मराठी पानं जड असतात' असं काही जण म्हणतात ते यावरूनच. पण तुम्ही आत्ता वाचताय तो लेखच घ्या: साधारण दीड हजार शब्द, म्हणजे २५ किलोबाइटच्या आसपास. ६४ केबीपीएसवर तो तीन सेकंदांत येईल. शिवाय बहुतेक सर्व्हर मजकूर दाबून लहान करून पाठवतात, आणि देवनागरीत प्रत्येक चिन्हाचे सुरुवातीचे बाइट जवळपास तेच ते असल्यामुळे तो चांगलाच दबतो.

आपल्या अभ्यासक्रमातलं उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. ओव्या जवळजवळ अकरा हजार. एका ओवीत सरासरी सत्तर-ऐंशी चिन्हं धरली, तर सगळा ग्रंथ देवनागरीत अडीच एमबीच्या आत बसतो. तुमच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याहून जड असतो! (स्टीफन्सला मराठीचे खिळे मिळाले नाहीत म्हणून त्याने ग्रंथ रोमी लिपीत छापला. रोमीला अक्षरामागे एकच बाइट लागतो, पण अक्षरं जास्त लागतात, तेव्हा फायदा वाटतो तितका नाही.)

मग वेळ जातो कशात? मजकुराभोवतीच्या सामानात. बातमीचं साधं पान दोन एमबीचं असू शकतं: मोठे फोटो, जाहिराती, न विचारता सुरू होणारा व्हिडिओ, तुम्ही काय वाचता त्यावर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्ट. दोन एमबी ६४ केबीपीएसवर यायला चार मिनिटांहून जास्त लागतात. त्यात मराठी पानाला आणखी एक ओझं असतं, ते फॉण्टचं. देवनागरीत जोडाक्षरांचे आकार वेगळे काढावे लागतात, त्यामुळे फॉण्टची फाइल शंभर-दोनशे किलोबाइटची सहज होते, म्हणजे लेखाच्या कित्येक पट. पान सुंदर दिसावं म्हणून साइट तिचा स्वतःचा फॉण्ट पाठवते, आणि तो येईपर्यंत आपण कोऱ्या पानाकडे बघत बसतो.

वजनाशिवाय दुसरी गोष्ट म्हणजे फेऱ्या. वाळपईहून पणजीला जायचं तर रस्ता कितीही रुंद केला तरी कदंबाला वेळ लागतोच, कारण अंतर तेवढंच राहतं. नेटचंही तसं. एका पानासाठी वीस वेगवेगळ्या सर्व्हरांकडून सामान आणायचं असेल, तर प्रत्येकाचा पत्ता विचारणं, ओळख पटवणं आणि मग माल मागणं अशा फेऱ्या होतात. कमी रेंजमध्ये एकेक फेरी लांबते. त्यामुळे जाहिरातीची बारकी स्क्रिप्टसुद्धा वजनाच्या मानाने जास्त वेळ खाते.

म्हणजे ब्राउझर निवडताना विचारायचं ते एवढंच: नको असलेलं सामान अडवणार कोण? वाटेत बसलेला दुसऱ्याचा सर्व्हर, की तुमचाच फोन?

वाटेतला सर्व्हर म्हणजे ओपेरा मिनी. हा ब्राउझर २००६ पासून सगळीकडे मिळू लागला, तेव्हा तो बटणांच्या साध्या फोनवर चालायचा. त्याची रीत समजायला आपल्या आज्जींच्या वेळची पत्रं आठवा. बोटीवरच्या मुलाचं पत्र आलं की शेजारचा शिकलेला मनुष्य ते वाचायचा आणि सारांश सांगायचा: "पैसे पाठवलेत, नाताळाला येतोय." ओपेरा मिनीच्या एक्स्ट्रीम मोडमध्ये हेच होतं. पान आधी ओपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तिथे चित्रं बारीक होतात, सगळं दाबून एक लहान गाठोडं होतं आणि तेवढंच फोनवर येतं. फेऱ्याही वाचतात, कारण तुमचा फोन एकाच सर्व्हरशी बोलत असतो. रेंजची एकच काडी असताना मला तरी याहून काही चांगलं सापडलेलं नाही.

त्या जुन्या फोनांवर देवनागरी नसायची, नुसते चौकोन दिसायचे. ज्यांना माहीत होतं ते पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाइप करून 'यूज बिटमॅप फॉण्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' याला 'येस' करायचे. मग मराठी अक्षरं चित्रं होऊन यायची. डेटा जास्त जायचा, पण मराठी वाचता यायचं. घरातल्या मोठ्या भावंडांना विचारा, एखाद्याला अजून आठवत असेल.

तोटा काय? शेजाऱ्याला पत्रातलं सगळं कळतं. तुमच्या फोनपासून ओपेराच्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास कुलूपबंद, तिथून पुढे साइटपर्यंतचाही, पण मधल्या खोलीत कुलूप उघडावं लागतं. फादर कन्फेशनमधलं बाहेर बोलत नाहीत, कारण त्यांच्यावर तसं बंधन आहे. सर्व्हरने असं व्रत घेतलेलं नाही. तेव्हा एक्स्ट्रीम मोडमध्ये बँक, परीक्षेचा फॉर्म, ईमेल काही उघडू नका. ज्ञानेश्वरी वाचा, बातम्या वाचा. फॉर्म तसेही त्यात नीट चालत नाहीत. पानावरच्या स्क्रिप्ट सर्व्हरवर चालून थांबतात, मग यादी उघडत नाही किंवा बटण दाबलं जात नाही.

यूसी ब्राउझरचं नाव आता सोडून द्या. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत तो होता. क्रोमचा 'लाइट मोड' आठवणाऱ्यांनीही तो शोधत बसू नये. मार्च २०२२ मध्ये गूगलने तो बंद केला. अनेक देशांत डेटा स्वस्त झाला, हे त्याचं एक कारण कंपनीने दिलं होतं. डेटा स्वस्त झाला हे खरं. पण रेंज नसलेल्या वाड्यावर स्वस्त डेटा घेऊन करायचं काय?

आता दुसरा मार्ग, सामान स्वतःच अडवण्याचा. मी अँड्रॉइडवर फायरफॉक्स वापरते, त्याचं कारण एकच: त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन टाकता येतं. नुसतं टाकलं तरी जाहिराती आणि नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्ट मागवल्याच जात नाहीत. म्हणजे वजनही वाचतं आणि फेऱ्याही. पण त्याच्या सेटिंगमध्ये दोन खुणा अशा आहेत की त्या मराठी वाचकासाठीच ठेवल्यासारख्या वाटतात. एक, 'ब्लॉक रिमोट फॉण्ट्स'. ही खूण केली की साइटचा फॉण्ट येत नाही आणि मजकूर फोनमधल्याच देवनागरीत दिसतो. थोडा साधा दिसतो, पण लगेच दिसतो. काही बटणांवरची चिन्हं मात्र चौकोन होतात, कारण तीही फॉण्टमधूनच येतात. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं एखादं जुनं पान असेल तर त्याची अक्षरशः भेळ होते. तेवढ्यापुरती खूण काढावी. दुसरी खूण म्हणजे ठरावीक किलोबाइटपेक्षा मोठी चित्रं आणि व्हिडिओ अडवण्याची. तिथे मुळात ५० हा आकडा असतो, तो तसाच ठेवा.

एवढी खटपट नको असेल तर ब्रेव्ह घ्या. तो क्रोमच्याच पायावर उभा आहे, पण जाहिराती अडवणं त्यात आधीपासून सुरू असतं. आयफोनवाल्यांचं वेगळं आहे: त्यांनी सफारीत कंटेंट ब्लॉकर टाकावा आणि सेटिंगमध्ये 'लो डेटा मोड' लावावा. अँड्रॉइडवालेही फोनचा 'डेटा सेव्हर' लावू शकतात. तुम्ही कविता वाचत असताना मागे दहा अ‍ॅप आपापली कामं उरकत असतात, ती त्याने थांबतात.

काही गैरसमजही मोडायला हवेत. रीडर व्ह्यूने डेटा वाचतो असं अनेकांना वाटतं. नाही वाचत. पान आलेलं असतं, मग त्यातून मजकूर वेगळा काढला जातो. डोळ्यांना बरं, डेटाला उपयोग नाही. इनकॉग्निटोचंही तसंच, उलट तिथे नुकसान होतं. एकदा आलेला फॉण्ट, लोगो, रचना हे सगळं ब्राउझर कॅशमध्ये जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी घरातलंच वापरतो. इनकॉग्निटो बंद केलं की ते सगळं जातं. 'फोन फास्ट करा' म्हणणारी क्लीनर अ‍ॅपही हेच करतात. कॅश साफ केली की पान पुन्हा पहिल्यापासून आणावं लागतं.

आणखी एक तपासणी. लायब्ररीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर पान अडलं की आपण लगेच नेटला शिव्या देतो. नेटची वायर काढून आधीच उघडलेलं पान वर-खाली करून बघा. तरीही अडखळत असेल तर रॅम कमी पडतेय. अशा वेळी ब्राउझर बदलण्याआधी पंधरापैकी बारा टॅब बंद करा. नेटच दोषी असेल तर डेस्कटॉपच्या फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबा आणि 'नेटवर्क'मध्ये जा. पान पुन्हा लोड केलं की खाली किती फाइल आल्या आणि त्यांचं वजन किती, ते दिसतं. तिथेच वेग मुद्दाम कमी करून टू-जीसारखा ठेवता येतो. तुमच्या आवडत्या मराठी साइटचं पान त्या वेगात उघडून बघा. गावातली मैत्रीण "नाही उघडत गं" म्हणते तेव्हा तिला काय दिसत असतं, ते समजेल.

शेवटी ग्रंथांबद्दल, कारण आपलं मुख्य काम तेच. १९०७ साली मंगळुरात सालढाणांनी ख्रिस्तपुराणाची आवृत्ती काढली. अशा जाडजूड ग्रंथाच्या स्कॅनची पीडीएफ ४० एमबीची असेल, तर ६४ केबीपीएसवर ती उतरायला जवळजवळ दीड तास लागतो, आणि मध्येच रेंज गेली की सगळं फुकट जाऊ शकतं. इंटरनेट अर्काइव्हवर असा ग्रंथ सापडला तर लगेच पीडीएफ दाबू नका. तिथल्याच वाचकात हवं ते पान उघडता येतं, मग तेवढ्याच पानाची चित्रं येतात. 'फुल टेक्स्ट' सर्वांत हलकं, पण ते यंत्राने वाचलेलं असतं आणि देवनागरीत त्याच्या चुका भयंकर असतात. उतारा शोधायला वापरा, उद्धृत करायला नाही. मराठी विकिस्रोतावर जे ग्रंथ आहेत ते आधी तिथे बघा. तिथे मजकूर युनिकोडमध्ये असतो, तो ईपब म्हणून उतरवताही येतो आणि मग नेटशिवाय वाचता येतो. क्रोममध्येही तीन ठिपके दाबून डाउनलोडचा बाण दाबला की उघडलेलं पान फोनवर राहतं. कॉलेजच्या वायफायवर हे करून घ्यायचं आणि बसमध्ये वाचायचं.

आपल्या मंडळाचा अंक पीडीएफमध्ये निघतो, आणि कवितांची पोस्टरं चित्रं म्हणून फिरतात. बारा ओळींच्या कवितेचा मजकूर एक किलोबाइटभर. तिचं पोस्टर त्याच्या शेकडो पट. शिवाय चित्रातली ओळ शोधता येत नाही, आणि अंध वाचकाच्या फोनला ती वाचून दाखवता येत नाही. पुढच्या अंकापासून पीडीएफच्या जोडीला सगळा मजकूर साध्या युनिकोड पानावरही द्यावा, अशी सूचना मी संपादक मंडळाकडे दिली आहे. मुखपृष्ठ शेवटी ठेवलं तरी चालेल.